पिवळी पिन

खिडकीच्या गजांमधून आलेलं ऊन आधी फरशीवर उतरलं, मग टेबलाच्या पायावरून, कुणाची झोप मोडायची नसल्यासारखं, इंचाइंचाने वर चढलं, टीव्हीमागच्या धुळीला त्याने क्षणभर सोनेरी केलं आणि शेवटी पिवळ्या पिनेवर येऊन थांबलं. पिवळी पिन लाल भोकात बसली होती. जयसिंग गुडघ्यांवर वाकून ते नुसतं पाहत राहिला. ती काढून जागेवर बसवणं क्षणाचं काम होतं. म्हणूनच घाई नव्हती.

कसबा पेठेतल्या या दुसऱ्या मजल्यावर नऊ वाजता पोचणारं ऊन आता त्याच्या ओळखीचं झालं होतं. धायरीला, घरी, ऊन असं येत नाही. ते एकदम अंगणभर पडतं, आणि त्याच्याबरोबर चुलत्यांचे, भावांचे आवाज... कुठली जमीन, कुठला बिल्डर... त्या आवाजांत आपला एक मिसळायला त्याला कधी जमलं नाही. सकाळी निघताना आईने विचारलं होतं, "आज सुट्टी हाय ना रं?" दुकानाचं काम आहे, असं तो म्हणाला होता. मी खोटं बोललो — पण ते खोटं खिशातल्या खडीसाखरेसारखं बसभर गोड लागत होतं.

हा सातवा रविवार. टीव्ही त्याच्याच दुकानातून आलेला, डीव्हीडी प्लेअर सरांच्या मुलाने परदेशातून पाठवलेला. दोन्ही जोडून देऊन तो गेला, आणि पुढच्याच शनिवारी सरांचा फोन आला, चित्र गेलं म्हणून. तेव्हापासून दर शनिवारी चित्र जातं. केर काढताना धक्का लागत असेल, असं तो दरवेळी म्हणतो, आणि सर दरवेळी मान डोलावतात.

सर म्हणजे अनंतराव, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. प्रत्येक वायरीला त्यांनी कागदी चिठ्ठी बांधली होती — 'चित्र', 'डावा आवाज', 'उजवा आवाज' — आणि प्रत्येक भोकाखाली तीच अक्षरं, तशीच ठाशीव.

"काय जयसिंगराव, सापडला का बिघाड?" आरामखुर्चीतून आवाज आला. "की आधी चहा? चहाशिवाय आपल्याला बिघाड सापडत नाही, असा माझा अनुभव आहे."

"सापडेल, सर," तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, आणि आपण हसतो आहोत हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. एवढ्या वयाच्या माणसाने आपल्याला 'आपण' म्हणावं...

त्याच्या पिशवीत एक नवी वायर होती. चित्र आणि आवाज दोन्ही एकाच वायरीतून नेणारी, टोकाची घडणच अशी की ती एकाच जागी, एकाच बाजूने बसते. चुकायला वावच नाही. ती लावली की हा बिघाड कायमचा मिटेल. तीन रविवार ती पिशवीत येत होती आणि पिशवीतच परत जात होती.

मैनाबाई झाडू घेऊन आल्या. जरा जपून झाडत जा, असं तो त्यांना हळूच म्हणाला.

"दादा, तिथं मी झाडू लावतच नाही," त्या म्हणाल्या. "सर लावू देत नाहीत. धूळ बघा की केवढी."

सर वर्तमानपत्राच्या आड गेले. जयसिंगने धूळ पाहिली. दाट, जुनी धूळ, आणि तीत चार बोटांच्या स्वच्छ खुणा... त्याने पिवळी पिन पिवळ्या भोकात बसवली.

पडद्यावर सरांचा शाळेतला निरोप समारंभ उजळला. पहिल्या रांगेत सरांच्या पत्नी वासंतीबाई; पदर सारखा करून कॅमेऱ्याकडे पाहताहेत. त्या जाऊन दोन वर्षं झाली होती. पहिल्या रविवारी दोघांनी एक मिनिट पाहिलं होतं, नुसतं तपासण्यापुरतं. आता चहा घेत सगळा समारंभ पाहतात. जयसिंग खुर्चीत टेकला. पिशवी पायाला लागत होती, ती त्याने खुर्चीखाली सारली.

"टिकेल ना आठवडाभर?" पडद्यावरची नजर न काढता सरांनी विचारलं.

"सांगता येत नाही, सर."

सरांनी बशी त्याच्याकडे सरकवली. ऊन आता चिठ्ठ्यांवरून उतरून भिंतीवर गेलं होतं, आणि त्याला फार बरं वाटत होतं, इतकं की आता स्वतःपासून काही लपवायची गरज उरली नाही. झाडूच्या धक्क्याने पिन निघते. निघून शेजारच्या भोकात जाऊन बसत नाही. सर ती स्वतःच्या हाताने बदलत होते, आणि हे मला दुसऱ्या रविवारपासून माहीत होतं.