दोरीच्या अलीकडे

मसूदाने अकरावं पान टेबलावर आपटलं, तशी टाइपरायटरशेजारची पांढऱ्या शाईची बाटली कलंडली.

"फ्लोरिडा कुठून आलं यात?"

मार्सेलिनाने आधी बाटली सरळ केली. शुक्रवारची अख्खी सुट्टी या बाईची अठरा पानं टाइप करण्यात गेली होती. पाठ मोडून आली होती, नवरा डॉमनिक उपाशीपोटी गॅलरीत चकरा मारत होता, आणि वर हिचा हा आवाज! मसूदा वरच्या मजल्यावरची, केनियाची नर्स. आखातात, या झिंज मोहल्ल्यात राहायला आल्यापासूनची मैत्रीण, म्हणून तर साहेबांच्या हातापाया पडून ऑफिसचं मशीन एका दिवसापुरतं घरी आणलं. नैरोबीच्या एका मासिकाने पुढच्या शतकातल्या आफ्रिकेवर कथा मागवल्या होत्या. मसूदाच्या कथेत मालिंदीच्या कोळणी चंद्रावर वस्ती करायला निघाल्या होत्या. उद्या सकाळी पाकीट पोस्टात पडलं नाही, तर खलास.

"सुधारलं मी," मार्सेलिना म्हणाली. दोघी आपापल्या मोडक्या हिंदीत बोलत. "तू मालिंदी लिहिलं होतंस. रॉकेट तुझ्या गावाहून कसं उडेल? लोक हसतील गं."

"आणि हुस्नाची हेलन?"

"कॅप्टन आहे ना ती! वाचणाऱ्याला खरं वाटायला नको?"

नऊ वर्षं ती साहेबांची पत्रं अशीच सुधारत आली होती. साहेब न वाचता सही ठोकत. या कामात तिचा हात धरणारं अख्ख्या मनामा शहरात कुणी नव्हतं, आणि ही चुका काढतेय! संतापाने तिला रडूच यायला लागलं.

"मालिंदीहून उडतं रॉकेट. मी पाहिलंय."

"स्वप्नात?"

"या डोळ्यांनी. समुद्रात लोखंडी फलाट उभा केलाय. इटलीचे लोक येतात, उडवतात, जातात. समुद्र आमचा, रॉकेट त्यांचं. आम्हा गाववाल्यांना किनाऱ्यावर दोरी बांधून मागे उभं केलं होतं." मसूदा पानं गोळा करायला लागली. "म्हणून गोष्टीत मी आम्हाला आत बसवलं. तू परत बाहेर काढलंस."

मार्सेलिनाला अजून भांडायचं होतं. पेपरात कधी आलं नाही, कुणी सांगितलं नाही, मग तिला काय माहीत? पण तिने विचारलंही नव्हतं. इतक्या वर्षांत तिला कुणाला काही विचारायची गरजच वाटली नव्हती.

डॉमनिकने दारातून डोकं आत घातलं.

"अगं, जेवणाचं काय?"

"मफी! काही नाही आज. हॉटेलातून आण. तिघांचं."

तो पुटपुटत जिना उतरला. मार्सेलिनाने मसूदाच्या हातातली टाइप केलेली पानं काढून घेतली, कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि कोऱ्या कागदांमध्ये नवा कार्बन सरकवला. बोटं ठणकत होती.

"दोरीपलीकडे कोण होतं?" तिने मान वर न करताच विचारलं.

"त्यांचे साहेब लोक. आणि एक इंडियन बाई, टायपिस्ट. तंबूत बसून टाइप करत होती."

"तिने तरी जवळून पाहिलं असेल."

"नाही. आम्ही एवढे ओरडलो, तरी तिची मान खालीच."

मार्सेलिनाने मशीनवरचे हात काढून घेतले आणि मसूदाच्या अक्षरातलं पहिलं पान वाचायला घेतलं.