ताणून ठेवलेली बंदूक

मित्रांनो, मी एक जुनी छर्ऱ्याची बंदूक आहे. नाव ऐकून दचकू नका. मी आजवर कुणाचा जीव घेतलेला नाही. कागदावरच्या वर्तुळांना भोके पाडणे, एवढाच माझा उद्योग.

माझी नळी मधोमध वाकते. ती वाकवली की पोटातली जाड स्प्रिंग दबते आणि चाप ओढेपर्यंत तशीच दबून राहते. चाप ओढला की चामड्याची टोपी घातलेला दट्ट्या पुढे धावतो आणि हवेच्या जोराने छर्रा सुटतो. धूर येत नाही. आलाच तर खुशाल समजावे, कुणीतरी हौसेने तेल जास्त ओतले आहे.

कारखान्यातले मला फारसे आठवत नाही. माझे खरे आयुष्य सुरू झाले ते एका चष्मेवाल्याच्या घरी. त्यांनी मला जुन्या बाजारातून उचलले, तेव्हा माझा दस्ता तडकलेला होता आणि चामडे वाळून कडकडीत झाले होते. त्यांनी मला पुरते उघडले. स्प्रिंगची टोके घासून गुळगुळीत केली, नवे चामडे बेताचे कापून तेलात मुरत घातले. आधी मी डबा आपटल्यासारखी खणखणत असे, आता नुसती 'थप्' म्हणू लागले. ते मला बाईसाहेब म्हणत. सुट्टीच्या दिवशी मागच्या अंगणात जुन्या वर्तमानपत्रांनी भरलेले खोके ठेवून ते नेम धरत, मग मला तेल चोळत बसत आणि आतून त्यांची बायको ओरडत असे, "बाईसाहेबांचं न्हाणं झालं असेल तर जेवायला या!"

त्यांचा एक नियम होता. ताणलेली बंदूक खाली ठेवायची नाही. दारात कुणीही येवो, आधी नेम धरून चाप ओढायचा, मग जागचे हलायचे. बायकोकडून आणि लेकीकडून त्यांनी हे घोकून घेतले होते.

एका सकाळी त्यांनी मला ताणले, छर्रा भरला आणि तसेच टेबलावर ठेवले. "पाणी पिऊन आलोच," म्हणाले. छातीवर हात होता. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचले, तिथेच कोसळले.

दवाखान्यातून त्यांच्या बाई एकट्याच परतल्या. टेबलावर मी दिसले. मी ताणलेली आहे हे त्यांना कळले, नियम तर तोंडपाठ होता. तरी त्यांनी चाप ओढला नाही. मला अलगद उचलून लोखंडी कपाटात ठेवले आणि किल्ली आपल्याजवळ ठेवली.

सुरुवातीला माझे पोट फार दुखायचे. मग दुखेनासे झाले आणि मला वाटले, बरे वाटते आहे. मित्रांनो, मी बधिर झाले होते. बाहेर काय चालले आहे ते ऐकू येई, पण त्याचे काही वाटत नसे. बाईंचेही तसेच असावे. दूध तापवायच्या, दिवे लावायच्या, कुणी विचारले तर "मी ठीक आहे" म्हणायच्या. रडल्याचे मी ऐकले नाही. अधूनमधून मला बाहेर काढून मऊ फडक्याने पुसायच्या. चापापाशी मात्र कुणाला फिरकू देत नसत. लेक म्हणायची, "किती लख्ख ठेवलीयस गं आई!" वरून मी लख्खच होते.

अशी वर्षे गेली. मग लेकीने आईला आपल्या घरी न्यायचे ठरवले. सामान बांधताना तिने मला हातात घेऊन नळी वाकवली. ती जराही जोर न लागता वाकली.

"आई, ही ताणलेली आहे! छर्रा आहे आत!"

"माहीत आहे."

"अगं, कधीपासून?"

"त्यांच्या हातचा ताण आहे तो," बाई म्हणाल्या. "तेवढाच उरलाय."

लेकीने नळी जपून पुन्हा बंद केली. तिने बाबांच्या मित्राला, बंदुका दुरुस्त करणाऱ्या काकांना बोलावले.

"वहिनी, भरलेली बंदूक अशी न्यायची नसते," काका म्हणाले. "तुम्ही म्हणाल तर नळी धरून ताण हळूच उतरवतो. आवाजसुद्धा होणार नाही."

"नको. चोरून नको. मीच सोडते."

अंगणात पुन्हा खोके मांडले. काकांनी दस्ता बाईंच्या खांद्याला नीट टेकवून दिला. बाईंनी श्वास रोखला आणि चाप ओढला. मी 'फुस्' केले. छर्रा खोक्याच्या अलीकडेच फरशीवर पडला.

"एवढंच?" बाई म्हणाल्या. "मला वाटलं, त्यांचा जोर आत तसाच असेल."

"इतकी वर्षं दाबून ठेवल्यावर स्प्रिंग मरते, वहिनी."

बाई पायरीवर बसल्या आणि रडल्या. लेकीने त्यांना जवळ घेतले. त्या वेळी मला काही वाटले म्हणेन, तर ते खोटे ठरेल.

काकांनी जुनी स्प्रिंग काढली, तर ती आखडून वाकडी झालेली. त्यांनी नवी घातली, चामडे बदलले. आता मी लेकीच्या घरी असते. नव्या स्प्रिंगची अजून सवय नाही. कधीकधी आत थोडे दुखते, आणि ते मला आवडते.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणाची तरी आठवण म्हणून जपलेल्या वस्तू असतील. त्या नुसत्या पुसून ठेवू नका. वापरा, बेताने तेल द्या आणि काम झाले की त्यांचा ताण उतरवा.

परवा बाईंनी मला ताणले आणि दाराची घंटा वाजली. "आलेच," म्हणून त्या अर्ध्या उठल्या आणि थबकल्या. पुन्हा बसल्या, नेम धरला, चाप ओढला. मग दार उघडायला गेल्या.