दोन पेडलांमधली खिटी

मी एक जुना ट्रॅक्टर आहे. लाल रंग उडून विटकरी झालो आहे आणि बोलायला थोडा फटकळ आहे. पण मित्रांनो, आजची गोष्ट सांगताना माझीही जीभ जड होते.

नवा होतो तेव्हा लोक माझ्या बॉनेटला हार घालून फोटो काढत. दोन मालकांनी मला मरेमरेतो राबवलं, तिसऱ्याने बाभळीखाली गंजत टाकलं. तिथून मला उचललं ते देवाजींनी. भिलाईच्या पोलाद कारखान्यात चौतीस वर्षं फिटर होते ते, मूळचे भंडाऱ्याकडचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी तिथेच कुम्हारीजवळ तीन एकर धानाची शेती घेतली आणि मला पुन्हा उभं केलं. त्यांचा मुलगा नरेश मला चालवी, तेही इतकं जपून की मागचे सायकलवाले पुढे निघून जात.

मला ब्रेकची दोन पेडलं आहेत, डाव्या चाकाचं एक, उजव्याचं एक. चिखलात जागच्या जागी वळायचं असेल तर एकच दाबतात. रस्त्यावर मात्र ती दोन्ही एका लोखंडी खिटीने जोडून ठेवायची असतात, म्हणजे एकावर पाय पडला तरी दोन्ही चाकं बरोबर थांबतात.

यंदा दिवाळीनंतर धान निघालं, तेव्हा माझे ब्रेक पार घासले होते. देवाजींनी मला अंगणात ठोकळ्यांवर चढवलं, चाकं उतरवली, जुने लायनर काढून नवे बसवले. एकेक नट पुसून लावला. मग खिटी काढून दोन्ही चाकं वेगवेगळी तपासली. दोन्ही घट्ट धरत होती.

शेजारचे धोंडबा बघत उभे होते. म्हणाले, "रिटायर झाले, पन हात अजून प्लांटचाच हाय."

देवाजी खुलले. भट्टीवरची एक जुनी हकिकत सांगत धोंडबांना फाटकापर्यंत सोडायला गेले. खिटी तशीच उघडी राहिली.

माझ्यामागे जोडलेल्या ट्रॉलीत धानाची पोती भरून झाली. नरेशची बायको सुनिता म्हणाली, "एकडाव पाहून घ्या ना सगळं."

"बाबानं केलं हाय," नरेश हसून म्हणाला, "त्याच्यात काय पाहाचं?"

मला खिटी दिसत होती, पण मला बोलता येत नव्हतं.

वाटेत नाल्याच्या उतारावर म्हैस आडवी आली. नरेशचा पाय उजव्या पेडलावर पडला. जुने लायनर असते तर मी थोडा वाकडा झालो असतो, एवढंच. नव्यांनी उजवं चाक जखडून धरलं, मागून ट्रॉलीने रेटलं आणि मी उलटलो. नरेश माझ्याखाली सापडला. क्रेन यायला तास लागला, तोवर तो गेला होता.

मला सरळ केल्यावर देवाजी माझ्या पेडलांपाशी वाकले. त्यांनी उघडी खिटी पाहिली आणि ती कोणाला न दाखवता निघून गेले. ज्याने मला गंजातून काढलं, त्याचाच मला राग आला.

लोक म्हणू लागले, पोरगा वेगात होता. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे नरेशला श्रद्धांजली वाहायच्या दिवशी अंगणात बुद्धवंदना झाली आणि एक पाहुणे बोलायला उठले. "आजकालची पोरं लय तेज चालवतात," ते म्हणाले. सुनिताने मान खाली घातली.

तेव्हा देवाजी उठले. "तेज नव्हता तो. खिटी मी लावली नाही. त्यानं माह्या कामावर भरोसा केला."

सुनिताने मान वर केली. ती सासऱ्यांना म्हणाली, "मामाजी, इतके दिवस लोक त्यायले नावं ठेवून राहिले होते. तुमी ऐकत होते. कावून सांगतलं नाही?"

देवाजी खाली बसले.

मित्रांनो, मला आता कोणी चालवत नाही आणि माझी त्याबद्दल तक्रारही नाही. पण ज्याच्या कामाकडे कोणी दुसऱ्यांदा बघत नाही असा माणूस तुमच्या घरी असेल, तर त्याच्या कामावर एक नजर जरूर टाका. त्यात त्याचा अपमान नसतो. आणि तो माणूस तुम्हीच असाल, तर चूक त्याच दिवशी सांगा. सुनिता अजूनही सासऱ्यांना दोन्ही वेळा गरम जेवण वाढते. बोलत मात्र नाही.