उलटसुलट शब्दांची पाटी

मी तुळसाची पाटी बोलतेय. हल्ली अर्धीच उरलेय, तेव्हा आवाज जरा चिरका वाटला तर चालवून घ्या.

आगगाडी कल्याणला पोचून आता वीसेक वर्षं झालीत. दौलत तिथल्या मालधक्क्यावर कारकून. त्याने मला ठाण्यात, टेंभी नाक्याजवळच्या आपल्या घरी आणलं ते बायकोसाठी. तुळसाचे वडील पंतोजी, म्हणून तिला लिहितावाचता येई. पण वडीलधाऱ्यांसमोर नवराबायकोने दिवसाउजेडी बोलायचं नाही, अशी रीत. मग दोघं माझ्यावर लिहून बोलत आणि मला स्वयंपाकघराच्या दाराआड ठेवत.

दौलतला पुढून-मागून सारख्या शब्दांचं भारी वेड. त्याने 'जहाज' लिहिलं की ती खाली 'नयन' लिही. इंग्रजीत दुपारला 'नून' म्हणतात, तो शब्द साहेबाच्या लिपीत दोन्हीकडून सारखाच. मालधक्क्यावरच्या मुनशींच्या उर्दूत 'नान', म्हणजे रोटी, तसाच. आपल्या अक्षरांत मात्र दोन्ही फसतात, याची तुळसाला कोण मजा वाटे. आंब्याच्या दिवसांत तिने 'सरस रस' लिहिलं, तेव्हा जेवता जेवता वाचून दौलतला ठसकाच लागला.

पुढे तो तापाने आडवा पडला. उठला की दाखवायला म्हणून तुळसा नवे शब्द जुळवी, पुटपुटत उलटे वाचून पाही. शेजारच्या आवडाबाईंनी ते ऐकलं आणि तिच्या सासूला, रंगूबाईंना, जाऊन सांगितलं, "तुझी सून उलटं वाचते गं. मंत्र उलटा म्हणतात तो करणी करायलाच."

रंगूबाईंचा एकुलता एक लेक. त्यांनी मला उचलून उंबऱ्यावर आपटलं.

"उद्याच्या उद्या माहेरी जा," त्या सुनेला म्हणाल्या.

तुळसा सरळ खाटेपाशी गेली. भरदुपारी, सासूदेखत.

"अहो, डोळे उघडा. मी काय लिहिते ते सांगा सासूबाईंना."

"आई, खेळ आहे तो," दौलत कसाबसा बोलला. "तुझ्यासमोर बोलता येत नाही, म्हणून."

रंगूबाई बराच वेळ माझे तुकडे गोळा करत राहिल्या.

"मग बोला की," त्या शेवटी म्हणाल्या. "मी काय तोंडं शिवलीत तुमची?"

दौलत बरा झाला. मी आता ताकाच्या गाडग्यावरचं झाकण आहे. परवा त्याने विचारलं, "नवी पाटी आणू?"

"कशाला?" तुळसा सासूसमोरच म्हणाली.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण ह्या घरात आता दिवसभर बडबड चालते आणि ती ऐकायला मला आवडतं. तुमच्याकडे कोणी असं दाराआड लिहीत असेल, तर त्याला समोर बसवून बोलू द्या. पाटी फुटायची वाट पाहू नका.