तीन काळी बटणं

आमच्या सहकारी शिवणघरात मत बोलून देत नाहीत, बटण टाकून देतात. पडद्याआड पत्र्याचा डबा असतो. होकाराला पांढरं बटण, नकाराला काळं. एक्केचाळीस माणसं, एक्केचाळीस बटणं. आणि पहिल्या दिवसापासूनचा नियम असा की, काळी तीन निघाली तर निर्णय थांबवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसून बोलायचं. तिघांना टोचतंय म्हणजे कापडात कुठेतरी सुई राहिलीय, असं जुनी माणसं म्हणत. डबा आणि सभेची वही माझ्या ताब्यात.

मास्तर आमच्याकडे कापड बेततात. दोन वर्षांपूर्वी त्यांना अध्यक्ष आम्हीच केलं, आणि उगाच नाही केलं. आधीचे अध्यक्ष काचेच्या खोलीत चहा पीत बसायचे आणि इस्त्रीच्या खोलीत माणसं वाफेत शिजायची. मास्तरांनी आठ दिवसांत तिथे पंखे लावले. ते आमच्यासारखं बोलतात, कुणाच्या लेकराला ताप आला तर दारात येऊन उभे राहतात. हा आपला माणूस, असं मीही म्हटलं होतं. ते खोटं नव्हतं. म्हणूनच पुढचं जास्त झोंबतं.

काल त्यांनी ठराव आणला, अध्यक्षांच्या निर्णयांवर नजर ठेवणारं पाच जणांचं पंचमंडळ बरखास्त करायचा. "मधे ही पाच भुतं कशाला? तुम्ही बोला, मी करतो. तुमच्यामाझ्यात आडपडदा नको." टाळ्याच टाळ्या. डब्यातून मात्र तीन काळी निघाली.

माझं स्वतःचं बटण पांढरं होतं. हे आधीच सांगून टाकते.

आज सकाळी पुन्हा बसलो, बोलण्यासाठी. मास्तरांनी बोलणं काढलंच नाही. बेतायच्या टेबलावर ती तीन बटणं मांडली, खडूने त्यांच्याभोवती गोल ओढला आणि मला हाक मारली.

"वहिनी, तुमचा हात बटणांवर बसलेला. सांगा, कुणाची ही?"

"डब्यात पडलं की बटण सगळ्यांचं, मास्तर."

"सगळ्यांचं? सगळे तर माझ्याबरोबर आहेत!" हशा पिकला. "मग हे तिघं कोण? लोक या बाजूला, हे त्या बाजूला. म्हणजे हे लोकांतले नाहीतच की!"

एका बटणाच्या भोकात मेण लावलेला दोरा अडकला होता, टोक दातांनी तोडलेलं. हाताशी कात्री असून दोरा दातांनी तोडणारी आमच्याकडे एकच, माझ्या थोरल्या जाऊबाई. तीस वर्षं काजं करताहेत. मी मान वळवली नाही. वळवली असती तर बोट दाखवल्यासारखं झालं असतं. त्या माझ्या मागेच बसल्या होत्या, आणि काम करताना त्या गुणगुणतात ती ओवी माझ्या कानात वाजत होती.

*दोन पदर बाई जोडले, मधून दोरा धावतो,*
*एकल्या गं पदराला, शिवण कोण घालतो?*

"नाही सांगणार," मी म्हटलं.

"घरचंच कुणी असेल," मागून टोमणा आला.

अंगाचा तिळपापड झाला. पांढरं बटण मी पंख्यासाठी टाकलं होतं, तापल्या लेकराच्या दारात उभं राहणाऱ्या माणसासाठी टाकलं होतं. एखादीला हुडकून काढायला नव्हतं टाकलं!

"मग डबाच नको," मास्तर म्हणाले. "लपून मत देतो तो चोर. मन साफ असेल त्याने हात वर करावा. पंचमंडळ बरखास्त, डबा बंद. जे लोकांबरोबर, त्यांचे हात वर. ज्यांना लोकांबरोबर राहायचं नाही, त्यांनी उद्यापासून आपल्या मशीनवर कापड टाकावं आणि घरी बसावं."

हात वर झाले. काही ताठ, काही कानाशीच अडखळलेले. इस्त्रीवाल्या काकांचा हात वर होता, नजर मात्र पायाच्या अंगठ्यावर. जाऊबाईंचे दोन्ही हात मांडीवर. माझे वहीवर.

मी मोजले. "बाजूने एकोणचाळीस, विरुद्ध दोन."

"लिहा, सर्वानुमते."

"दोघी आहोत ना, मास्तर."

"दोघी म्हणजे काय लोक?"

"मग काय स्टुलं?"

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. जाऊबाई हळूच म्हणाल्या, "अगं, टाक लिहून. माझी चार वर्षं राहिलीत कामाची. तुझी पोरं लहान आहेत."

"लहान आहेत म्हणूनच," मी म्हटलं. "मास्तर, तुम्हाला आम्ही निवडलं म्हणजे तुम्ही आमच्यातले एक झालात. सगळे आम्ही एकट्या तुमच्यात मावलो, असं नाही झालं. एका मापाचा शर्ट एक्केचाळीस अंगांवर चढवून बघा. तुम्हीच बेतता ना?"

मास्तरांचा चेहरा लाल झाला. वही ओढून त्यांनी स्वतःच लिहिलं, 'सर्वानुमते मंजूर', आणि पेन माझ्यापुढे आदळलं. "सही."

मी सही केली. पण त्यांच्या ओळीवर नाही, तिच्याखाली. 'विरुद्ध दोन. त्यातली एक मी.' वही जाऊबाईंपुढे सरकवली. त्यांनी पदराला बोटं पुसली आणि सावकाश, काज घालावं तशी, आपली सही केली.

मग एक स्टूल करकरलं. इस्त्रीवाले काका उठले होते.

"काका, पंखा विसरलात?" मास्तर म्हणाले.

"विसरेन कसा? त्याचाच वारा खातोय." काका टेबलाशी आले, खडूच्या गोलावर तळवा ठेवून ओणवले. "पण मास्तर, पंखा दिलात म्हणून श्वाससुद्धा तुम्हाला विचारून घ्यायचा का? कालचं एक काळं माझं होतं. आज घाबरून हात वर केला. लाज वाटली." त्यांनी सही केली. गोल पुसला गेला होता, पांढरी भुकटी त्यांच्या तळव्याला लागली होती.

"तीन झाले," जाऊबाई म्हणाल्या.

"तो नियम आता नाही!" मास्तर ओरडले. "मी सांगतोय ना, नाही!"

टाळी कुणी वाजवली नाही. जाऊबाई आपल्या जागेवर गेल्या, सुईत दोरा ओवला, आणि एवढ्या शांततेत त्यांनी तो दातांनी तोडल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. मी तिन्ही काळी बटणं उचलून डब्यात टाकली, झाकण लावलं आणि डबा मांडीवर घेऊन बसले. तो घ्यायला मास्तर दोन पावलं पुढे आले. मग थांबले.

उद्या पुन्हा बसायचं आहे. कुणीही मशीनवर कापड टाकलेलं नाही.