साहेबांची पाठ मऊ पडते

जनावरांच्या डॉक्टरणीला एक कायमचा ताप असतो. पेशंट खोटं बोलत नाही, पण बोलतही नाही. बोलतात ती त्याची माणसं, आणि ती धडधडीत खोटं बोलतात. हे ती वीस वर्षं दवाखान्यात पाहत आली होती. आता मात्र पेशंट तिच्याच घरात होता आणि तिची मती गुंग झाली होती.

पेशंट म्हणजे साहेब, तिच्या वडिलांचं पस्तीस वर्षांचं कासव. सकाळी नऊला सोफ्याखालून निघायचं आणि पाचला परत आत जायचं, म्हणून हे नाव. गेल्या चार महिन्यांत साहेबांची पाठ मऊ पडली होती. अंगठ्याने दाबली की दबायची. मागचे पाय ते ओढत चालायचे. एक्स-रेत हाडं इतकी फिकट आली, की आपणच काहीतरी चुकलो असं वाटून तिने तो दोनदा काढला.

तिने काय करायचं बाकी ठेवलं होतं? कॅल्शियमची पूड झाली, उन्हासारखा उजेड देणारा महागडा दिवा झाला. कुठलं पान तोंडात जायला नको म्हणून गॅलरीतल्या कुंड्यासुद्धा तिने गच्चीवर नेऊन ठेवल्या. फरक ढिम्म नाही.

"बाबा, याला नक्की काय घालता तुम्ही?"

"तू सांगितलेलंच," बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे.

हा सगळा वैताग ती दवाखान्यात काढायची. सशाला दिवसभर बिस्किटं चारणाऱ्या एका बाईंवर तर ती ओरडलीच, "लाडाने मारताय तुम्ही त्याला!" बाई रडत निघून गेल्या. रात्री तिने ते बाबांना सांगितलंही.

घरात एकच गोष्ट सुरळीत चालली होती, ती म्हणजे बाबांची वाटी. वर्षापूर्वी ते बाथरूममध्ये घसरले आणि मनगट मोडलं. हाडांची पार चाळण झालीय, दूध प्या, पालेभाज्या खा, असं त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हापासून ती रोज सकाळी पालक निवडून बिनमिठाचा उकडायची आणि वाटीभर झाकून कामाला जायची. पालकच, कारण तो पटकन होतो. संध्याकाळी वाटी लख्ख असायची. बाबा किती शहाण्यासारखं खातात, हे ती दवाखान्यात कौतुकाने सांगायची.

गुरुवारी एक्स-रेचं मशीन बंद पडलं आणि ती दुपारीच घरी आली. स्वयंपाकघरात बाबा स्टुलावर बसले होते. मांडीवर वाटी, हातात चमचा. समोर साहेब मान ताणून उभे, हनुवटी हिरवीगार.

"बाबा!"

चमचा खाली पडला. साहेबांनी जमिनीवरचं खायला सुरुवात केली.

"चार महिने डोकं फोडतेय मी! पालक रोज घालायचा नसतो त्याला! त्यातलं आम्ल कॅल्शियमला पोटातच धरून ठेवतं, हाडांपर्यंत पोचू देत नाही. मी पूड घालतेय, दिवे लावतेय, आणि तुम्ही खुशाल भरवताय? वर म्हणे, तू सांगितलेलंच!"

"तूच सांगितलं होतंस, हाडांना चांगला म्हणून." बाबा चोरी पकडल्यासारखे बघत होते. "मला नाही गं गिळवत. टाकून द्यावा, तर तू कामाची घाई सोडून निवडत बसतेस. त्याला आवडायचा. म्हटलं, कुणाच्या तरी हाडांना लागू दे."

तिला भयंकर राग आला होता. तो कुठे काढावा ते कळत नव्हतं.

बाबांनी चमचा उचलून वाटीत ठेवला. मग म्हणाले, "पण काय गं, ते आम्ल काय फक्त कासवाच्याच पोटात धरून ठेवतं?"

पालकातलं कॅल्शियम माणसाच्याही फारसं अंगी लागत नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं. दवाखान्यात शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना ती ते शिकवतही असे. पण वर्षभर गॅसपुढे उभं राहून रोज पातेल्यात चमचा फिरवताना तिच्या ते एकदाही मनात आलं नव्हतं.

"ओरड की आता," बाबा म्हणाले. "त्या सशाच्या बाईंवर ओरडलीस तशी."

बाबांच्या मांडीवरची वाटी उचलून तिने कचऱ्याच्या डब्यात उपडी केली. साहेब मागचे पाय ओढत तिच्यामागोमाग डब्यापर्यंत आले आणि मान वर करून थांबले.