गुडघ्यांवरून दिसणारी खिडकी

माझा रणगाडा बिस्किटांच्या डब्यात राहतो. डबा कपाटात, कपाटाला कडी, आणि त्या कडीवर आमच्या ठमीचा डोळा. ठमीला नुकतं चालता यायला लागलंय. जगातली कुठलीही वस्तू आधी चाखायची, मग ओळखायची, असा तिचा शिरस्ता. म्हणून प्लास्टिकच्या चौकटीतून या चिमुकल्या गाडीचे जोडायचे सुटे भाग कापताना मी प्रत्येक तुकडा वाटीत टाकते, वाटीवर झाकण ठेवते, आणि तरीही उठण्याआधी गुडघ्यांवर येऊन अख्खी खोली तिच्या उंचीवरून बघते. उभ्यानं काही म्हणता काही दिसत नाही. खाली गेलं की पलंगाच्या पायामागची टाचणीसुद्धा चमकते.

"काय हरवलं?" सासूबाई विचारतात.

"काही नाही. तोफेची नळी."

"मग वाटीत आहे ती काय?"

"तीच. खात्री करतेय."

"खरंच हरवली तर फरशी उखडशील गं बाई!"

पण या गाडीवर त्यांचाही जीव जडला होता. तळहातावर मावेल एवढी, बसकी, पुढे रोखलेली तोफ. रंग पातळ करायला ठमीच्या औषधाचा जुना ड्रॉपर, पुसायला कानात घालायच्या काड्या, आणि चाकांवरचा चिखल म्हणजे तपकिरी रंगात कालवलेला खायचा सोडा. तो चिखल सासूबाईंनी स्वतः लावला. "एवढी लढाईवरून आलीय, स्वच्छ कशी असेल?" असं म्हणून जरा जास्तच लावला. मला गाडीखाली एक देखणी बैठकही करायची होती, माती, गवत, पडक्या विटा. पण बैठक लावली की डब्याचं झाकण लागेना. झाकण न लागणारा डबा आमच्या घरात चालत नाही. बैठक रद्द झाली.

आज त्या गाडीची पहिली लढाई होती, आणि ठमी झाल्यापासूनची माझीही. आमचा क्लब टेबलावर अशा छोट्या रणगाड्यांच्या लढाया खेळतो; दुसऱ्या शहरात होणाऱ्या मोठ्या स्पर्धेसाठी त्याच्या संघात एकच जागा उरली होती. आज जो जिंकेल, तो जाणार. नवरा ड्यूटीवर, त्यामुळे सासूबाई ठमीला कडेवर घेऊन माझ्याबरोबर हॉलवर आल्या.

मोठ्या टेबलावर पुठ्ठ्याचं पडकं गाव, स्पंजची झाडं, मधोमध नदी आणि तिच्यावर पूल. शेवटच्या डावाला पूल ज्याच्या ताब्यात, तो जिंकला. समोर दातांचे डॉक्टर, क्लबातले सगळ्यात नावाजलेले खेळाडू. त्यांचा अवजड रणगाडा मी बघतच राहिले. कवळीचे साचे काढायच्या प्लास्टरची उंच बैठक, तिच्यावर कोरलेली एकेक वीट, विटांवर धूळ.

"डॉक्टर, यात एखादी दाढ तर नाही ना बसवलीत?" सासूबाईंनी वाकून विचारलं.

"काकू, तोंड उघडून सांगू नका कुणाला."

हॉल हसला. मीही हसले, आणि पहिल्याच डावात माझ्या जुन्या गाड्यांपैकी एक गेली.

नियम सोपे. टेपनं अंतर मोजून गाडी सरकवायची. तोफेच्या नळीपासून शत्रू दिसत असेल तरच डागायची, आणि मग फासा. लागला की त्या गाडीवर कापसाचा धूर ठेवायचा. बघता बघता माझ्या बाजूला कापूसच कापूस झाला.

"घरातला कापूस कुठे जातो ते आज कळलं," सासूबाई पुटपुटल्या.

शेवटी माझ्याकडे उरली ती एकटी बसकी गाडी, नदीकाठच्या झुडपाआड. डॉक्टरांनीही आपला उरलेला एकमेव, तो अवजड रणगाडा पुलाजवळच्या पडक्या घरामागे नेऊन ठेवला. वरून घराचं अर्धं छप्पर, पुढे भिंत. पुढच्या खेपेला तो पुलावर चढणार आणि विषय संपणार.

"झाकला," डॉक्टर हात झटकत म्हणाले. "दिसत नाही."

पंचांनी मान तिरकी करून बघितलं. "नाही दिसत."

मला काय वाटलं कोण जाणे. मी सरळ गुडघ्यांवर बसले, हनुवटी टेबलाच्या कडेला टेकवली आणि एक डोळा मिटला.

"अगं, इथेही?" सासूबाई म्हणाल्या.

झुडूप. नदी. भिंत. भिंतीत एक फुटकी खिडकी. आणि त्या खिडकीत, चौकटीत बसवल्यासारखं, डॉक्टरांच्या रणगाड्याचं डोकं! एरवी ते खिडकीच्या खालीच राहिलं असतं. पण त्या सुंदर बैठकीनं त्याला अंगठाभर वर उचललं होतं.

"दिसतोय!" माझा आवाज चिरकला. "खिडकीतून दिसतोय!"

पंचांनी खिशातून लाल प्रकाशाची बॅटरी काढली, माझ्या तोफेच्या तोंडाशी धरली. सगळे वाकले. लाल ठिपका नदीवरून गेला, खिडकीतून शिरला आणि त्या अवजड डोक्याच्या बरोब्बर मध्ये थांबला.

"माझं प्लास्टर!" डॉक्टरांनी कपाळावर हात मारला.

"पाच किंवा सहा हवेत," पंच म्हणाले.

फासा टाकला तो टप्पा खाऊन टेबलाबाहेर. आकडा गेला चुलीत, माझ्या डोक्यात एकच, खाली पडलेली, पेराएवढी, गिळता येणारी वस्तू! मी टेबलाखाली होते, कशी गेले ते माहीत नाही.

"अगं, ठमी माझ्या कडेवर आहे!" वरून आवाज आला. "तू फासा बघ!"

फासा खुर्चीखाली होता. सहा.

"सहा! सहा!"

"टेबलाबाहेरचा धरत नाही," पंच म्हणाले.

"असा कसा धरत नाही? मी बघितला ना!" सासूबाई उसळल्या.

"आई, नियम आहे तो."

"बरं. मग टाक पुन्हा. आणि जरा हळू टाक, चेंडू आहे का तो?"

मी फासा मुठीत घेतला. हळूच सोडला. या वेळी तो टेबलावरच राहिला, पुलाच्या खांबाला आपटला, एका कोपऱ्यावर गरगरला, चारावर झुकला, सावरला आणि आडवा झाला.

पाच.

पुढचं नीट आठवत नाही. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, ठमीनंही वाजवल्या. मी पंचांचाच हात धरून हलवत होते. "शेवटची जागा यांची," ते म्हणाले आणि हात सोडवून घेतला. सासूबाईंनी ठमीच्या पिशवीतून कापसाचा भला मोठा बोळा काढला.

"डॉक्टर, मी ठेवू का?"

"ठेवा काकू. पण विटांना धक्का लावू नका."

त्यांनी तो अगदी हलक्या हातानं रणगाड्यावर ठेवला, एक पाऊल मागे सरून बघितला आणि थोडा फुगवला. मग माझ्याकडे वळल्या. "स्पर्धेला आम्ही दोघीही येणार. ठमीला धरणारं कुणी नको?"

डॉक्टर तोवर माझ्या शेजारी गुडघ्यांवर बसले होते, एक डोळा मिटून, हनुवटी कडेला टेकवून.

"इथून स्वच्छ दिसतं की हो," ते म्हणाले. "तुम्हाला सुचलं कसं?"

मी सांगणार होते. पण तेवढ्यात त्यांच्या कोटाचं एक बटण लोंबताना दिसलं, एकाच धाग्यावर.

"आधी ते बटण तोडून खिशात टाका," मी म्हणाले.